अकराव्या फेरीतला एकोणीस

८ मार्च, रविवार

पेटी कोणीतरी उघडली आहे.

मी दोरीची गाठ नेहमी डाव्या अंगाला बांधतो आणि तिची दोन्ही टोके समान ठेवतो. आज गाठ उजवीकडे होती आणि टोके – एक बोटभर, दुसरे वीतभर! माझा हात इतका बेशिस्त नाही.

आत एकतीस तक्ते, दर मोटारशर्यतीचा एक. मोजले. एकतीसच आहेत. मात्र क्रम बिघडला आहे. विसाव्या शर्यतीचा तक्ता विसाव्या जागी असतो. तो सर्वांत वर होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर काळ्या तेलाचा ठसा.

या घरात दोन माणसे राहतात : मी आणि ही. हिच्या हाताला काही लागले तर ती आधी हात धुते, मग दुसरे काम. काळ्या तेलाची बोटे आमच्या नात्यात एकाच माणसाला आहेत. गुरुवारी मी वाचनालयात असताना तो 'पंखा कुरकुरतोय म्हणून बघायला' येऊन गेला. पंखा अजून कुरकुरतो आहे.

दुपारी गॅरेजवर गेलो. रविवारची शर्यत आम्ही चौघे वर्षानुवर्षे तिथेच पाहतो. भोंगा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ – गॅरेज त्याचे. दंतवैद्य. टायरवाला. आणि मी. गाडी वर उचलायच्या खांबाला दूरचित्रवाणी संच टांगलेला आहे. (चौघांत 'दूरचित्रवाणी संच' म्हणणारा मी एकटाच.)

मी दारातून शिरलो आणि बोलणे थांबले. एका क्षणात! तिघांनी एकदम पडद्याकडे पाहिले. पडद्यावर अंगाच्या साबणाची जाहिरात होती. तीन म्हातारे साबणाकडे इतक्या एकाग्रतेने पाहतात, हे मला मान्य नाही.

९ मार्च, सोमवार

हिला विचारले. 'पेटीला हात कोण लावतंय तुमच्या!' असे म्हणाली. विचारले होते कोणी लावला. उत्तर मिळाले कोण लावणार. हे उत्तर नव्हे.

१२ मार्च, गुरुवार

पेटीला आता कुलूप. किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालणार का, असे हिने विचारले. मी हसलो नाही.

या तक्त्यांचे मोल हिला कळत नाही, कारण तिने ते काम कधी पाहिले नाही. पाहिले तर मीही नाही! मी एकतीस मोटारशर्यतींना हजर होतो आणि त्यांतली एकही गाडी मी धावताना पाहिलेली नाही.

काम असे होते. अंतिम रेषेसमोर लाकडी खोपटे. त्यात दोन माणसे. एक हाक देणारा : त्याचे डोळे रस्त्यावर. गाडी रेषा ओलांडेल तशी तो तिच्या क्रमांकाची हाक देई. दुसरा लिहिणारा : त्याचे डोळे कागदावर. प्रत्येक फेरीला एक रकाना, प्रत्येक गाडीला एक घर. हाक देणाऱ्याने विचार करायचा नाही, लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही. ज्याला दोन्ही करण्याचा मोह झाला, त्याचा तक्ता बिघडलाच.

मागच्या फेरीत आलेला क्रमांक या फेरीत आला नाही, तर त्याचे घर रिकामे सोडायचे आणि उजव्या हाताशी असलेली पितळी घंटा वाजवायची. घंटा झाली की नियंत्रक रुग्णवाहिका सोडत. तलावाभोवतीचा तो रस्ता सात किलोमीटरचा. एका फेरीला चार मिनिटे लागत, आणि त्या काळी प्रत्येक वळणावर माणूस नसे. गाडी झाडीत गेली तर ते प्रथम कळायचे ते आमच्या रिकाम्या घरावरून.

इंजिनांच्या गदारोळात ऐकू जाईल असा एकच गळा गावात होता. म्हणून हाक द्यायला हिचा भाऊ. 'भोंगा' हे नाव त्याला तिथेच पडले. लिहायला मी : छापखान्यातला मुद्रितशोधक, अक्षर वळणदार, नजर पक्की. शर्यती भरवणाऱ्या क्लबचे अध्यक्ष आणि आमच्या छापखान्याचे मालक एकच. त्यांनीच माझी निवड केली.

१५ मार्च, रविवार

ते काहीतरी लपवत आहेत. आता शंका नाही.

विषय निघाला नव्या मार्गाचा. टेकडीपलीकडे शर्यतीसाठी खास बांधलेला मार्ग पुढच्या महिन्यात खुला होतो आहे. दंतवैद्य पाहून आला होता.

"वळणाबाहेर ऐंशी मीटर सपाट डांबर!" तो म्हणाला. "पोरगं चुकलं तर गिरकी घेईल, कपडे झटकेल आणि परत येईल. कुणाच्या आईला रडायला नको."

"मग त्याला शर्यत कशाला म्हणता? पार्किंग म्हणा!" टायरवाला. "चुकलं की लागलं पाहिजे. आपल्या वेळी वळणाबाहेर काय असायचं? झाड. झाड माफ करत नाही."

"तुझं बरं आहे. लागलं की टायर खपतात."

"आणि तुझे दात!"

दोघे खो-खो हसले. भोंगा हसला नाही. तो एक स्पार्क प्लग फडक्याने पुसत बसला होता. तो मघाशीच स्वच्छ झाला होता.

मग आवडता चालक कोण, हे दर रविवारचे भांडण. टायरवाल्याला आत्ताचा विजेता आवडतो, कारण तो 'टायर बायकोसारखे जपतो'. टायरवाल्याची बायको कशी जपली गेली आहे ते आम्हांस ठाऊक आहे. दंतवैद्याचा लाडका म्हणजे पावसात धावणारा तो किडकिडीत मुलगा. 'पाण्यातला मासा आहे हो तो!' मी म्हणालो की मासा पाण्यातच असतो, त्यात विशेष ते काय? विशेषण विशेष असावे.

भोंग्याचा आवडता एकच. गॅरेजच्या भिंतीवर फोटोही एकच : बोका. एकोणीस नंबरच्या निळ्या गाडीत, गॉगल कपाळावर. कुठूनही फेकला तरी पायांवर उभा राहतो, म्हणून बोका.

टायरवाला त्या फोटोकडे पाहून म्हणाला, "टेपमध्ये त्याच्या गाडीचा आवाज वेगळा ओळखू येतो की नाही –"

आणि दंतवैद्याने त्याच्या पायावर पाय दिला. मी पाहिले! टेबलाखालून वगैरे नव्हे. तिथे टेबलच नाही.

"कसली टेप?" मी विचारले.

"गाण्यांची," दंतवैद्य म्हणाला.

गाण्यांच्या टेपमध्ये गाडीचा आवाज!

१६ मार्च, सोमवार

झोप नीट लागली नाही. विसाव्या शर्यतीचा तक्ता काढून टेबलावर पसरला. जे झाले ते एकदा क्रमाने लिहून ठेवतो. कोणी तक्ता पळवला तर निदान हे राहील.

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सहाव्या फेरीत पाच-सहा गाड्या एका घोळक्याने आल्या आणि भोंग्याने एकतीस नंबर गिळला. हाक नाही, मी घर रिकामे सोडले आणि घंटा वाजवली. रुग्णवाहिका निघाली. एकतीस नंबर मजेत धावत होता! अध्यक्ष स्वतः खोपट्याच्या खिडकीशी आले आणि सर्वांदेखत म्हणाले, "छापखान्यातही असंच करता काय? शंका आली की घंटा?" चूक भोंग्याची, बोलणी मला.

अकराव्या फेरीत बोका खोलगट वळणावर रस्ता सोडून झाडीत गेला. तिथे झेंडेवाला नव्हता. त्या फेरीत तो रेषेवर आलाच नाही. पण माझ्या तक्त्यात अकराव्या रकान्यात, सात आणि तेवीस यांच्यामध्ये, एकोणीस आहे. स्वच्छ, शाईत. म्हणून घंटा झाली नाही. बाराव्या फेरीत ते घर रिकामे राहिले, तेव्हा मी वाजवली. चार मिनिटे गेली.

डॉक्टर नंतर म्हणाले, "चार मिनिटं आधी पोचलो असतो तर..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडले. मला अर्धवट वाक्ये खपत नाहीत. ते मात्र मी पूर्ण केले नाही.

चौकशी झाली. मला विचारले, न आलेला क्रमांक लिहिला कसा? मी सांगितले, हाक आल्याशिवाय माझा हात चालत नाही. मग भोंग्याला विचारले. तो म्हणाला, "हो, मी हाक दिली. माझी चूक." त्याला क्लबातून जन्माचे काढले. त्यानंतर त्याने तलावमार्गावर पाऊल ठेवले नाही. मी पुढच्या अकरा शर्यती दुसऱ्या हाक देणाऱ्याबरोबर लिहिल्या.

मी त्याला कधी बोललो नाही. मेहुणा आहे. हिचा भाऊ आहे. पण विसरलोही नाही. ज्याच्यावर तो जीव टाकत होता, त्याचीच खोटी हाक! नुसते डोळे उघडे ठेवायचे होते!

२० मार्च, शुक्रवार

वर्तमानपत्रात नव्या मार्गाची बातमी आली आहे. 'जुन्या शर्यतींच्या आठवणी जपणारे दालनही प्रेक्षकांसाठी खुले राहणार.' बातमीच्या चौथ्या ओळीत 'मार्गावर' यातला 'र्गा' गळला आहे. हिला वाचायला दिली. तिने सरळ 'मार्गावर' असेच वाचले! मी दाखवल्यावर म्हणाली, "अय्या, खरंच की! मला तर दिसला होता तो."

हे असेच होते. डोळा कागदावर जे असायला हवे तेच वाचतो आणि गाळलेले स्वतः भरून घेतो. म्हणून मुद्रितशोधकाने शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावे, हे मी तीस वर्षे नवशिक्यांना शिकवले.

सायंकाळी फोन आला. हिने घेतला. "नाही हो, इथं कसले तक्ते-बिक्ते नाहीत. राँग नंबर." मी खोलीतून ऐकले. राँग नंबरवाल्याला तक्ते कसे ठाऊक?

विचारले तर म्हणते, "विमावाली होती."

भावाबहिणींचा कट आहे.

२२ मार्च, रविवार

गॅरेजवर गेलो नाही. म्हणून भोंगाच आला. शर्यत सोडून! बेचाळीस वर्षांत त्याने शर्यत सोडलेली मी पाहिली नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मांडवामागे रेडिओ होता.

हिने चहा ठेवला. तो खुर्चीच्या कडेवर बसला. हात धुऊन आला होता. नखांतले काळे मात्र जात नाही.

"दाजी, तो विसावा तक्ता मला द्या."

"कशासाठी?"

"ठेवतो माझ्याकडं. तुमच्याकडं कुणी मागायला आलं तर सांगा, हरवला."

"मी खोटे बोलू?"

"एकदा बोललात तर काही आभाळ कोसळत नाही."

मग मी सगळे काढून घेतले. शब्दन् शब्द. तलावमार्गावर लाउडस्पीकरवरून शर्यतीचे वर्णन करणारा निवेदक आमच्या शेजारच्या खोपट्यात बसे. तो गेल्या वर्षी वारला. त्याच्या माळ्यावर रिळांची टेप सापडली. विसाव्या शर्यतीची, पूर्ण. फळीची भिंत मध्ये, आणि भोंग्याचा गळा तो! तेव्हा त्याच्या सगळ्या हाका तीत आल्या आहेत. दालनाचे काम पाहणारी बाई ती घेऊन गॅरेजवर आली होती. तिला आता तक्ता हवा आहे : प्रेक्षक कानाला यंत्र लावून हाका ऐकतील आणि समोर तक्त्यात त्याच क्रमाने आकडे पाहतील.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी ऐकली," मी म्हणालो. "दंतवैद्याने. टायरवाल्याने."

"हो."

"आणि मला 'गाण्यांची टेप'!"

त्याने बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

तेव्हा मला लख्ख उमगले. नुसत्या टेपमध्ये कोणाला काय कळणार? शंभर आकडे आणि गोंगाट! पण शेजारी तक्ता ठेवला की अकराव्या फेरीतली खोटी हाक उघडी पडते. लोक रांगेने येतील आणि बोट ठेवून दाखवतील : हा पाहा, न आलेल्या गाडीची हाक देणारा.

आणि जे बेचाळीस वर्षे तोंडातून काढले नव्हते ते काढले. "तू न आलेल्या गाडीची हाक दिलीस. मी ती लिहिली. आता माझा तक्ता गाडून तुझी चूक झाकायची आहे तुला."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातला चमचा खाली पडला.

भोंगा उठला. कप स्वतः विसळून पालथा घातला. दारात थांबून म्हणाला, "हो दाजी. मीच दिली हाक. म्हणून तर म्हणतो, द्या तो तक्ता."

मी दिला नाही.

२३ मार्च, सोमवार

ही बोलत नाही. जेवण ताटात आहे, शब्द नाहीत.

२५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. "बाबा, मामाशी भांडलात?" बातमी दोन दिवसांत समुद्रापार! हेरखाते या घरातच आहे.

२९ मार्च, रविवार

घरीच शर्यत लावली. कागद, टाक घेतला आणि ठरवले, जुन्या पद्धतीने तक्ता लिहायचा. जमेना! आकडे पाहायला मान वर केली की रकाना चुकतो. मान खाली घातली की गाडी निघून जाते. तिसऱ्या फेरीत सात घरे रिकामी. लाज वाटली.

ही शेंगा निवडत बसली होती. न सांगता चष्मा नीट केला आणि पडद्याकडे पाहून म्हणू लागली, "सोळा. चव्वेचाळीस. पाच. तो नारिंगी – एक्क्याऐंशी. त्रेसष्ट."

मी लिहू लागलो. मान खाली. आवाज बारीक, पण ठेका तोच! एक आकडा, श्वास, पुढचा आकडा. भावाबहिणींचे गळे एका साच्यातले. दहा फेऱ्या आम्ही न चुकता लिहिल्या. बोलणे बंद असूनही.

नंतर मी म्हणालो, "तुझा भाऊ असा लक्ष देऊन हाक देता, तर तो मुलगा वाचला असता."

तिने शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

"तेव्हा मला सातवा महिना होता," ती म्हणाली. "आणि तुमची नोकरी अध्यक्षांच्या हातात. एवढं ध्यानात ठेवा, मग बोला त्याला काय बोलायचं ते."

याचा इथे काय संबंध? पुरावा नसला की बायका बाळंतपण काढतात.

२ एप्रिल, गुरुवार

दालनाला मीच फोन केला. बाई तरुण असावी. 'काका' म्हणाली, हे बरे केले. मी म्हटले, विसाव्या शर्यतीचा तक्ता माझ्याजवळ आहे. टेप ऐकवलीत तर तो घेऊन येतो.

ती म्हणाली, "तुमच्या मेहुण्यांनी मला विनंती केली होती, की तुम्हाला... म्हणजे, काका, तुम्हाला नक्की ऐकायचीय?"

त्याने सगळीकडे आधीच पाचर मारून ठेवली आहे! "नक्की" असे सांगितले. दहा तारखेला अकरा वाजता.

७ एप्रिल, मंगळवार

दाढ ठणकत होती. दंतवैद्याकडे जाणे भाग पडले. त्याने मला खुर्चीत आडवे केले, तोंडात आरसा, कापूस आणि ती पाणी ओढणारी नळी घातली, आणि मगच बोलायला सुरुवात केली. धूर्त माणूस!

"आता बोलू नका, ऐका. शुक्रवारी तुम्ही तिकडं चाललाय असं कळलं."

"आँ," मी म्हणालो.

"कधीकधी मुळाशी काहीतरी असतं. दुखत नसतं. चाळीस-चाळीस वर्षं दुखत नाही. आम्ही त्याला हात लावत नाही. कळलं?"

"आँ आँ!"

"त्या माणसानं तुमच्यासाठी –" आणि तो थांबला. "जाऊ द्या. मोठं करा तोंड."

नळी निघाल्यावर मी विचारले, "माझ्यासाठी काय?" तर म्हणतो, "डाव्या बाजूनं चावू नका दोन दिवस."

भोंग्याचा वकील! उपकार केल्याचा सूर कशासाठी? बेचाळीस वर्षे मी त्याच्याकडे जातो आहे, त्याच्या फडक्यावर बसतो आहे, त्याच्या चुकीविषयी चकार शब्द काढलेला नाही. उपकार कोणी कोणावर केले?

९ एप्रिल, गुरुवार

तक्ता दोन कोऱ्या कागदांत घालून, वर जाड पुस्तके ठेवून सपाट केला. काळ्या तेलाचा ठसा गेला नाही. सदरा इस्त्री केला. भिंग, पेन्सिल, तक्ता, पुठ्ठ्याची घडी – सर्व पिशवीत.

टेप ऐकताना प्रत्येक हाकेसरशी त्या त्या आकड्यावर बारीक टिंब द्यायचे, असे योजले आहे. अकराव्या फेरीत 'एकोणीस' आले की तिथे थांबवायला सांगेन, आणि त्या बाईला शांतपणे समजावून देईन की लिहिणाऱ्याने जे ऐकले तेच लिहिले. भोंग्याविषयी वाईट बोलणार नाही. तेवढी सभ्यता माझ्यात आहे.

हिने जाताना न्यायला धुतलेला रुमाल काढून ठेवला आहे. एक नव्हे, दोन.

१० एप्रिल, शुक्रवार

दहा फेऱ्यांवर टिंबे बरोबर पडली.

अकरावी. भोंग्याचा गळा : "चार. एकतीस. सात. तेवीस. बारा." पेन्सिल एकोणिसावर अधांतरी राहिली.

गाड्या लांब गेल्या. गोंगाट ओसरला. मग त्याचाच आवाज, हळू, जवळून : "दाजी, एकोणीस?"

आणि मग दुसरा आवाज. तरुण, ठाम, शुद्ध. तो ओळखायला मला वेळ लागला.

"आहे. मी लिहिला आहे."

बाईने विचारले, "काका, पुन्हा लावू?" मी मान हलवली. तीन वेळा ऐकली. तीनही वेळा तो विचारतो.

तक्ता तिथेच ठेवून आलो. दोन्ही शेजारी शेजारी लावा, असे सांगितले.

घंटा माझ्या उजव्या हाताशी होती.